साडूभाऊंचे इंजिन आणि आमच्या अंगणातले वळण

ज्याचे तुंड वक्र असूनही जो भक्तांच्या वाटा सरळ करतो, त्या गजाननाला आरंभी साष्टांग वंदन असो. वळणाचीच कथा सांगायची असल्यामुळे वाकड्या सोंडेच्या देवाखेरीज दुसऱ्या कोणाचा आधार घ्यावा, हे मला सुचले नाही. आमच्या नोएडातील मराठी मंडळ यंदा गणेशोत्सवाची स्मरणिका काढत आहे. सेक्टर वसत होता त्या दिवसांची एखादी घरगुती आठवण जुन्या रहिवाशांनी लिहून द्यावी, अशी मंडळींनी आज्ञा केली. इतर ज्येष्ठ पाण्याच्या टँकरविषयी, डासांविषयी आणि पहिल्या गणपतीविषयी लिहितील. माझ्या वाट्याला एक खेळण्यातले इंजिन आले आहे. खेळण्यातले म्हटलेले ऐकून माझे साडू आजही फोन आपटतील, म्हणून शब्द बदलतो : एक लहान केलेले, पण तरीही बरेच मोठे असे इंजिन.

मी आयुष्यभर दिल्लीच्या एका विद्यालयात संस्कृत शिकवले. पत्नी केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीला होती; तिच्या नावे मिळालेल्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार झाला. निवृत्ती जवळ आली तेव्हा तिच्याच नावे भरलेल्या अर्जाला नोएडातील सोडतीत एक भूखंड लागला. घर बांधण्यात माझे योगदान म्हणजे वास्तुपूजन आणि सूचना. पूजन निर्विघ्न पार पडले. सूचना गवंड्याने ऐकून घेतल्या.

ते दिवसच विलक्षण होते. देशाची दारे परदेशी मालासाठी आधी किलकिली झाली आणि मग सताड उघडली. शेजारच्या सेक्टरात काचेच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, प्रत्येक गच्चीवर तबकडी आकाशाकडे तोंड करून बसली होती आणि वीज मात्र पाहुण्यासारखी यायची : न कळवता, न टेकता, आणि चहाच्या आत निघून जायची. आमच्या एका बाजूला रिकामा भूखंड होता, त्यात गायी आणि गाजरगवत. दुसऱ्या बाजूला एक पंजाबी कुटुंब. त्या घरच्या बाईंना कंपाउंडच्या भिंतीवरून बोलण्याची सवय होती आणि मला ऐकून घेण्याची नव्हती, तरी आमचे बरे चालले होते.

पुढील सर्व हकिगत ज्याच्याभोवती फिरते, त्या अंगणाचे वर्णन येथे करावे लागेल. अंगण लांबीला ऐसपैस आणि रुंदीला कृपण आहे. मध्ये, पण गल्लीच्या अंगाला जरा सरकलेला, एक बुटका चौथरा; त्यावर तुळशीवृंदावन आणि वृंदावनाच्या पायाशी नर्मदेतला एक बाण, म्हणजे आमचा महादेव. महादेवावर घातलेले पाणी चौथऱ्यातून निघणाऱ्या एका दगडी पन्हळीने गल्लीकडच्या भिंतीशी जाते. मी रोज सकाळी स्नान करून, अभिषेक करून चौथऱ्याला प्रदक्षिणा घालतो. महादेवाची पन्हळ ओलांडायची नसते, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून पन्हळीच्या एका अंगापासून निघून दुसऱ्या अंगापर्यंत जायचे आणि आल्या वाटेने परत फिरायचे.

शेजारच्या बाईंनी हे काही दिवस पाहिले आणि एका सकाळी न राहवून विचारले, “पंडितजी, आप रोज़ आधे रास्ते से लौट क्यों आते हैं? कुछ भूल जाते हैं क्या?”

मी त्यांना शास्त्र सांगितले. सविस्तर सांगितले. त्यांच्या गॅसवरचे दूध उतू गेले असावे, कारण मध्ये एकदा त्यांनी आत पाहून कपाळाला हात लावला, पण माझा विषय संपेपर्यंत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “अच्छा जी, मतलब यू-टर्न.”

हा संवाद वाचकांनी ध्यानात ठेवावा. मी ठेवला नाही.

आता साडूभाऊ. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, ते यजमान. ते एका मंत्रालयात अभियंता होते. पूल, रस्ते यांच्या फाइली पाहत. ताई आणि ते करोल बागेत वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत भाड्याने राहत. तरुणपणी त्यांना सरकारने एकदा परदेशी पाठवले होते. इतर सहकारी घड्याळे आणि टेपरेकॉर्डर घेऊन आले. हे आपला गरम कोट तिकडेच टाकून, त्या जागी बॅगेत एक वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती आणि दोन डबे घालून आले. इंजिन विजेवर चाले. कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत हात धरा, त्याहूनही लांब. दोन हातांनीच उचलावे लागे. मोठी चाके एकाच ताठ चौकटीत ओळीने बसवलेली, पुढे दोन लहान चाके, आणि काळा रंग असा की ताईंचे प्रतिबिंब दिसे. ताईंना ते दर रविवारी दिसे, कारण पुसण्याचे काम त्यांच्याकडे होते.

साडूभाऊंनी रुळांचे सरळ तुकडेच आणले होते. वाकडे तुकडे त्यांच्या बॅगेत मावले नाहीत, आणि मावले असते तरी करोल बागेतल्या खोलीत त्यांचे वर्तुळ मावले नसते. त्यामुळे ते इंजिन वर्षानुवर्षे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून पलंगाच्या पायापर्यंत जाई आणि परत येई. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगत, “आमचं इंजिन सरळमार्गी आहे.” पण पाहुणे गेले की रुळाच्या टोकाशी थांबलेल्या इंजिनाकडे त्यांची नजर जाई, आणि तिथून पुढे जिथे भिंत होती तिकडे. ते वळताना कसे दिसत असेल, हा प्रश्न त्यांनी मला बोलून दाखवला नाही. तरी मला तो ऐकू येई.

निवृत्तीनंतर पुण्याला मुलाकडे कायमचे जायचे ठरले. मुलाचे घर लहान. दिवाळी झाली की सामान निघणार होते, आणि ताईंनी सामानासाठी एकच नियम केला होता : जे चालत नाही ते पुण्याला जाणार नाही. शिवणयंत्र चालत होते, ते जाणार. मिक्सर चालत होता, तोही जाणार. नवरात्रात आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा निवाडा इंजिनाचा चालला होता.

“चालतं की ते!” साडूभाऊ पोळी तशीच हातात धरून म्हणाले.

“चार पावलं पुढं, चार पावलं मागं. याला चालणं म्हणतात? इतकी वर्षं पुसतेय मी. एकदा तरी वळून दाखवा म्हणावं त्याला. वळलं तर मी माझ्या हातानं बांधीन आणि मांडीवर घेऊन पुण्याला नेईन. नाही वळलं तर खालच्या दुकानदाराला देऊन टाकायचं. तो कधीपासून मागतोय शोकेससाठी.”

“इथं कुठं वळणार ते? तुझ्या डोक्यावरून?”

“तेच म्हणतेय मी.”

साडूभाऊ हसले, पण पोळीचा घास काही तोंडात गेला नाही. ते पाहून मी जे बोललो ते वास्तविक माझ्या पत्नीच्या अनुमतीशिवाय बोलायला नको होते. मी म्हणालो, “आमचं अंगण काय ओस पडलंय? दिवाळीच्या आत इंजिन वळेल. तुळशीमाईला प्रदक्षिणाच घालेल, पूर्ण!”

हा ‘पूर्ण’ शब्द ताईंनी मागितला नव्हता, साडूभाऊंनीही नाही. तो माझ्या पदरचा होता.

आता वर्तुळ म्हणजे काय हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही, अशी माझी समजूत होती. यज्ञवेदी आखण्याचे शास्त्र मी वाचले होते; खुंटी रोवून, दोरी ताणून, सूर्याच्या सावलीवरून दिशा साधण्याची रीत मला मुखोद्गत होती. वर्तुळ लहान असो वा मोठे, वर्तुळ ते वर्तुळच. तेव्हा साडूभाऊंना थक्क करावे म्हणून त्यांना न विचारता मी एकटाच करोल बागेत त्यांच्या घराखालच्या त्याच दुकानात गेलो. नव्या दिवसांत तेथे परदेशी खेळणी येऊ लागली होती, आणि त्यांत तीन बोटे रुंदीच्या मोठ्या रुळांच्या पेट्याही होत्या.

“पूरा गोला बनेगा?” मी विचारले.

“बिल्कुल पूरा बनेगा, पंडितजी. बच्चे खुश हो जाएँगे.”

बच्चे साठीच्या पुढचे आहेत हे मी त्याला सांगितले नाही. पेटी घेऊन नोएडाच्या बसमध्ये चढलो आणि अंगणात खुंटी-दोरीने वर्तुळ आखले. रूळ त्यावर असे चपखल बसले की मी स्वतःशीच एक श्लोकार्ध म्हणालो. आरपार चार फुटांचे सुबक कडे. मध्ये चौथरा, कड्याच्या आत जेमतेम मावलेला. पन्हळीवरून रूळ नेण्यासाठी मी एक फळी टाकली. पन्हळ ओलांडण्याचा निषेध माणसांना आहे, इंजिनाला नाही, असा अर्थ मी त्या घटकेला लावला. अर्थ लावणे हा माझा व्यवसायच होता.

रविवारी साडूभाऊ आणि ताई इंजिन घेऊन आले. मी मुहूर्त काढला होता. रुळांना हळदकुंकू लावले, गंध लावले, फुले वाहिली आणि अक्षता टाकल्या. साडूभाऊ काही बोलण्यासाठी तोंड उघडत आणि मी हाताने त्यांना थांबवून मंत्र पुरा करी. मग त्यांनी इंजिन रुळावर ठेवले. म्हणजे ठेवू लागले. पुढची लहान चाके बसली. मोठ्या चाकांपैकी पहिले बसले की शेवटचे उचलले जाई, शेवटचे दाबले की पहिले बाहेर येई. अखेर कसेबसे बसवून त्यांनी कळ फिरवली. इंजिन कण्हले, वीतभर गेले आणि शांतपणे रुळावरून उतरून झेंडूच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले.

“राहुकाळ असावा,” मी म्हणालो.

“तुम्हीच काढला होता ना मुहूर्त?” पत्नीने विचारले.

“मग अक्षता. चाकाखाली तांदूळ आला.” मी गुडघ्यांवर बसून रुळांवरची एकेक अक्षता वेचली, हळदकुंकू पंच्याने पुसले. पुन्हा कळ फिरवली. पुन्हा झेंडू.

ताई पायरीवर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, “शास्त्रीबुवा, फुलं आवडतात वाटतं त्याला.”

तोपर्यंत साडूभाऊ रुळांजवळ बसले होते आणि बोटाने बाक चाचपत होते. ते मला म्हणाले, “साडूभाऊ, तुमचं क्वार्टर सोडताना लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. आठवतं?”

न आठवायला काय झाले? तासभर अडकले होते, आणि मी वरच्या बाजूला असल्यामुळे मीही.

“का अडकलं? जिना रुंदीला कमी होता का?”

“रुंदीला पुरेसा होता. कपाट ताठ होतं, आणि वळण…” मी थांबलो.

“तेच. ही मोठी चाकं एका ताठ चौकटीत आहेत. ती काही कमरेत वाकत नाहीत. पहिलं चाक वळलं तरी शेवटच्याला सरळच जायचं असतं. वळण आवळ असलं की चाकांच्या कडा रुळांना घासतात, चढतात आणि बाहेर. आखूड इंजिन तुमच्या या कड्यातून नाचत जाईल. याला आरपार निदान आठ फूट हवेत. दहा असले तर हसत जाईल. आणि डबे लांब आहेत. त्यांचं पोट वळताना आत येतं, ते तुमच्या चौथऱ्याला लागता कामा नये.”

“हे तुम्ही आधी नाही सांगितलं!”

“तुमचा मंत्र चालला होता.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या दुकानात गेलो. इंजिनाला प्रत्यक्ष तुकड्यावर बसवून पाहावे म्हणून साडूभाऊंनी ते काखेत घेतले होते. दुकानदाराने आवळ वळणाची पेटी परत घेतली, आतल्या खोलीतून मोठ्या वळणाचे तुकडे काढून दिले आणि सगळा वेळ इंजिनाकडे पाहत राहिला. “बाबूजी, पुणे में इसको कौन पूछेगा? यहाँ शोकेस में रखेंगे, नीचे मखमल बिछाएँगे. दुकान की रौनक!” त्याने काचेतली जागा रिकामी करूनही ठेवली होती. साडूभाऊंनी इंजिन दुसऱ्या काखेत घेतले.

आता अडचण अशी झाली की आठ फुटांचे वर्तुळ माझ्या अंगणात बसेना. चौथरा मध्य धरून दोरी फिरवली, की घराच्या बाजूने ती पायरीला खेटून आणि दोन्ही अंगांनी आनंदाने जाई; पण भिंतीकडे, जिथे पन्हळ जाते तिथे, वर्तुळाचा एक तुकडा भिंतीच्या पलीकडे पडे. हातभर, फार नाही. पण भिंत ही वस्तू हातभर आड आली काय आणि कोसभर आली काय, सारखेच.

यानंतरच्या दिवसांत माझ्या बुद्धीने जे पराक्रम केले, त्यांची आठवण घरात अजून काढली जाते. चौथरा सरकवावा, असे मी प्रथम सुचवले. पत्नी म्हणाली, “तुळशीचं लग्न तोंडावर आलंय आणि तुम्ही नवरीला उचलणार?” रिकाम्या भूखंडात रूळ मांडावेत, तर गायींची संमती नव्हती आणि जमीन सपाट नव्हती. पत्नीने गच्ची सुचवली. पण साडूभाऊंचे गुडघे जिना चढण्यास राजी नव्हते, आणि मला तर ते तत्त्वतःच अमान्य होते. देव खाली आणि प्रदक्षिणा वर, हे कोणत्या परंपरेत बसते?

“प्रदक्षिणा कोणी मागितलीय?” पत्नीने विचारले.

“मी शब्द दिलाय,” मी बाणेदारपणे म्हणालो.

अखेर मला बोगद्यांची कल्पना सुचली. भिंतीला दोन भोके पाडावीत. इंजिनाने एकातून बाहेर गल्लीत जावे, हातभर गल्लीतून जाऊन दुसऱ्यातून परत आत यावे. मी खडूने भिंतीवर दोन कमानी काढल्या. साडूभाऊ पाहायला आले, तेव्हा लहान मुलासारखे खुलले. बोगदा म्हटल्यावर अभियंत्याचा विवेक कसा सुटतो ते मी त्या दिवशी पाहिले. आम्ही दोघे कमानींची उंची ठरवत असताना बाजूच्या भिंतीवर शेजारच्या बाईंचे मस्तक उगवले.

“ये क्या बन रहा है, पंडितजी?”

“सुरंग,” मी गांभीर्याने म्हणालो.

“चूहों के लिए?”

रेल्वेसाठी, हे कळल्यावर त्या म्हणाल्या, “गली सरकारी है जी. दिवाली पर नोटिस मत मँगवाना.”

पत्नीने ओल्या फडक्याने दोन्ही कमानी पुसल्या. बोगदे तिथेच मिटले.

दिवाळी आली. पाडव्याच्या दिवशी साडूभाऊ आणि ताई आमच्याकडे जेवायला आले. दिल्लीतला त्यांचा तो शेवटचा सण. दोन दिवसांनी ट्रक यायचा होता. ताईंनी इंजिन बरोबर आणले होते ते एका पिशवीत, आणि परत जाताना खालच्या दुकानदाराकडे उतरवायचे असे ठरवूनच. तसे त्यांनी पत्नीला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगितले. पण हळू बोलणे त्या घराण्यात नाही.

जेवणे झाली. वीज गेली होती. आम्ही ओसरीवर सुपारी कातरत बसलो. अंगणात मोठ्या वळणाचे तुकडे मी वर्तुळात मांडून ठेवले होते. घराच्या बाजूने जोडलेले, आणि भिंतीशी आल्यावर दोन्ही टोके उघडी, मध्ये पन्हळ. साडूभाऊ इंजिन मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी काही मागितले नाही, मला टोमणाही मारला नाही. साडू टोमणा मारायचा थांबला की ते चिन्ह बरे नसते. मी उठून पुन्हा दोरी धरली आणि त्या हातभर जागेभोवती निरर्थक फिरू लागलो.

भिंतीवरून प्रश्न आला, “पंडितजी, आज चलेगी गाड़ी?”

“गोला पूरा नहीं बैठता, बहनजी,” मी हताशपणे म्हणालो. “यहाँ नाली के पास आकर रुक जाता है.”

बाईंनी रुळांकडे पाहिले, पन्हळीकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. “तो आप कौन-सा पूरा घूमते हैं?”

साडूभाऊंच्या पोटातून एक गडगडाट निघाला. ते इतके हसले की मांडीवरचे इंजिन ताईंना धरावे लागले. पत्नी पदराने डोळे पुसत होती. मी दोरी हातात घेऊन, रोज सकाळी जिथून मागे फिरतो अगदी त्याच जागी उभा होतो. पाऊल ज्या दगडावर ठेवतो तो माझ्या पायाने गुळगुळीत झालेला होता. रुळाची दोन उघडी टोके पन्हळीच्या त्याच दोन अंगांना होती. भिंतीने तेवढाच तुकडा कापला होता जेवढा शास्त्राने कापला आहे. आणि ते शास्त्र मी या बाईंना त्यांचे दूध उतू जाईपर्यंत शिकवले होते.

“पण मी पूर्ण म्हणालो होतो,” मी क्षीणपणे म्हणालो.

“तुम्ही म्हणाला होता,” ताई म्हणाल्या. “मी फक्त ‘वळलं तर’ म्हटलं होतं. गोल गोल फिरून घेरी आणा, असं मी कधी म्हटलं?”

“चौथऱ्यावर तुळस एकटी नाही हो,” पत्नी म्हणाली. “पायाशी कोण बसलंय ते तरी आठवायचं.”

आता वीज तेवढी हवी होती. आम्ही वाट पाहिली. चिवडा झाला, चहा झाला. उन्हे भिंतीवर चढली. मी रुळांना गंध लावण्यासाठी हळूच तबक उचलले, तर ताईंनी ते माझ्या हातातून काढून घेतले. “शास्त्रीबुवा, रुळांना नमस्कार लांबून.” साडूभाऊंनी आपल्या धुतलेल्या रुमालाने सगळे वळण टोकापासून टोकापर्यंत स्वतः पुसले, इंजिन पन्हळीच्या डाव्या अंगाला ठेवले आणि मागे दोन डबे जोडले. या वेळी चाके बसवावी लागली नाहीत. ती आपणहून बसली.

एकाएकी साऱ्या सेक्टरातले दूरदर्शन संच एकदम बोलू लागले. वीज आली होती. साडूभाऊंनी कळ फिरवली.

पुढची लहान चाके प्रथम वळली, जणू पुढे जाऊन वाट विचारून आली. मग मोठी चाके, एकामागून एक, किंचित कुरकुरत. इंजिन चौथऱ्याच्या बाजूला आले तेव्हा त्याची काळी कूस आम्हाला दिसली, जी करोल बागेतल्या खोलीत नुसती भिंतीला दिसत असे. डब्यांची पोटे आत झुकली. चौथरा तरीही हातभर लांब राहिला. घराच्या बाजूने पूर्ण बाक घेऊन, तुळशीच्या समोरून निघून, ते दुसऱ्या अंगाने पन्हळीशी आले आणि थांबले. मग तितक्याच निवांतपणे उलट निघाले.

“अगंबाई,” ताई पायरीवरून उठल्या. “हे मागंपण नीट येतं?”

“मागं यायची सवय त्याला तुझ्या उंबऱ्यानं लावली,” साडूभाऊ म्हणाले. ते खाली जमिनीवर बसले, गुडघ्यांची पर्वा न करता, डोळे रुळाच्या पातळीवर आणून, आणि इंजिन त्यांच्याकडे वळत वळत येताना पाहू लागले. ते पुनःपुन्हा पाहत राहिले. भिंतीवरून बाईंनी टाळ्या वाजवल्या. वीज पुन्हा जाईपर्यंत आमच्या महादेवाला त्या दिवशी जितक्या प्रदक्षिणा झाल्या, तितक्या माझ्याकडून एका चातुर्मासातही होत नाहीत. आणि एकीतही पन्हळ ओलांडली गेली नाही.

ताईंनी माझ्या पत्नीकडे एक जुने मऊ लुगडे मागितले. इंजिन त्यात गुंडाळताना त्यांनी ते सवयीने एकदा पुसले, आणि मग, मी पाहिले नाही असे समजून, त्याच्या धुरांड्याशी कडाकडा बोटे मोडली.

इंजिन पुण्याला गेले ते ताईंच्या मांडीवरूनच. मुलाच्या घरी वळण मांडायला जागा नव्हती, म्हणून रूळ माझ्याकडे राहिले. त्यामुळे कित्येक वर्षे इंजिन एका शहरात सरळ चालत असे आणि त्याचे वळण दुसऱ्या शहरात गवतात पडलेले असे. साडूभाऊ फोन करून प्रकृतीच्या आधी विचारत, आजही विचारतात, “वळण कसं आहे?” मी सांगे, “जागेवर आहे.” दर दोन-तीन वर्षांनी हिवाळ्यात ताई आणि ते येत, मांडीवर लुगड्यातले इंजिन असे, आणि मी आदल्या दिवशी गवत काढून ठेवत असे. रुळांना गंध लावण्याचा विचार पुन्हा मनात आणला नाही. म्हणजे आणला, पण तबक घरात लपवलेले असे.

सकाळची माझी प्रदक्षिणा चालू आहे. पन्हळीशी येतो, थांबतो, परत फिरतो. शेजारच्या बाई आता आजी झाल्या आहेत, परवाच नातीला भिंतीवरून मला दाखवत होत्या आणि सांगत होत्या, “देख, इंजन अंकल आ गए.” मी मान हलवून ती पदवी स्वीकारली.

हे वाचणाऱ्या सुजनहो, त्या पन्हळीच्या अलीकडे राहणारा महादेव आणि त्याच्या माथ्यावरची तुळशीमाई तुमच्या घराचे रक्षण करोत. तुमच्या घरातील ताठ माणसांना देव रुंद वळणे देवो, आणि रुंद वळणांना पुरेल एवढे अंगण. तुमच्या चुलीवरचे दूध कोणाच्याही शास्त्रचर्चेने उतू न जावो. दूर गेलेली आपली माणसे मांडीवर काही जपून घेऊन तुमच्या दारी पुनःपुन्हा येवोत, आणि ती येतील त्या दिवशी तुमच्या सेक्टरात वीज असो. शुभं भवतु.